पहिलं माहेरी, दुसरं सासरी

माझी थोरली बहीण लंकाबाई भांडकुदळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की लताने बहिणीचं झाकलं. मी कोणाचं झाकत नाही. नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालेली बाई आहे मी, जेल रोडला माझं स्वतःचं घर आहे, आणि कोणाला काय वाटेल याची काळजी मी नोकरीबरोबरच सोडली.

लंकाबाईचा मखमलाबादला फुलांचा मळा आहे. शेवंती, झेंडू, गुलाब, उन्हाळ्यात मोगरा. तिचे यजमान धोंडीरामभाऊजी मळा बघतात आणि ती गणेशवाडीच्या फूलबाजारात बसते. भाऊजी दिवसातून चार वाक्यं बोलतात, घरातलं बाकीचं सगळं बोलणं तिच्या वाट्याला आलेलं आहे. 'फुलं ताजी आहेत ना?' असं तिला एकदा विचारलेलं गिऱ्हाईक तो प्रश्न पुन्हा कोणालाच विचारत नाही. एका टेम्पोवाल्याने तिची पाटी पायाने सरकवली, तेव्हा साऱ्या बाजारासमोर तिने ती त्याच्याच हाताने उचलून जागेवर ठेवून घेतली. तिच्या जिभेला हाड नाही, हे खरं. पण मनात एक आणि ओठांवर एक असंही तिचं कधी नव्हतं. निदान मी तसं समजत होते.

तिला एकच मुलगी, दिशा. दिशा शिकली, फार्मसीची पदवी घेतली आणि सटाण्याकडच्या कुंदनशी तिचं लग्न झालं. कुंदनच्या घरचा कांद्याचा व्यापार, वडील वारलेले, आई गोजराबाई इंदिरानगरला बंगल्यात राहते. गोजराबाईबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही, म्हणून जे दिसलं तेवढंच सांगते. ती कधी आवाज चढवत नाही. हसत हसत चिमटा काढते आणि समोरच्याने ओरडायला सुरुवात केली की लोकांकडे बघते, बघा बरं, मी काही बोलले का? एरवी तिचं बोलणं नाशकातल्या बायकांसारखंच, पण राग आला की अहिराणीवर येते. लंकाबाईचं आणि तिचं लग्नातच वाजलं होतं, मानाच्या साड्यांवरून. ते जाऊ द्या.

कुंदनला हॉलंडमध्ये नोकरी लागली आणि दोघं आइंडहोवन नावाच्या गावी गेली. वर्षभराने दिशाला दिवस गेले. गोजराबाईने लगेच फर्मान काढलं की सातवा महिना लागेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, नजर लागते. आपल्याकडे पहिले तीन महिने झाकून ठेवतात, हे मलाही माहीत आहे. हिने सात सांगितले आणि सातवा उलटल्यावरही तोंड उघडलं नाही, म्हणे आता एकदम बारशालाच जेवण घालू. घरातल्या घरात भरतात ती चोरओटी मात्र भरली. कशी भरली, तर फोन पाटावर उभा केला, फोनला हळदकुंकू लावलं आणि फोनसमोर नारळ ठेवला. दिशा तिकडून पदर पसरून बसली होती. मला हसू आवरलं नाही, तर गोजराबाईने माझ्याकडे असं पाहिलं की नजर लावणारी मीच.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि दुसरं सासरी. पहिल्यावर आईचा हक्क, दुसऱ्यावर सासूचा. दिशाला माहेरी येणं जमणार नव्हतं, म्हणून माहेरच विमानात बसलं. आयुष्यात मनमाडच्या पुढे न गेलेली लंकाबाई डिंक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, झबली, टोपडी असं सगळं पोत्यात भरून हॉलंडला निघाली. पोतं नेता येत नाही असं विमानतळावर म्हणाले, तर तिथंही भांडली. शेवटी कोणीतरी एक बॅग दिली.

तिकडे गेल्यावर तिचं पहिलं मत असं पडलं की त्या देशाची फुलं दिसायला देखणी आणि वासाला कोरडी आहेत. दुसरं मत, लोक दारं लावून बसतात. तिसरं मत मांडायला तिला वेळ मिळाला नाही. नववा लागला होता. एका सकाळी दिशा म्हणाली, आई, काल संध्याकाळपासून हालचाल नाही. तिघं दवाखान्यात गेली. पोटावर यंत्र फिरवणाऱ्या डॉक्टरीण बाईने यंत्र बाजूला ठेवलं आणि दिशाचा हात धरला. भाषा येत नसलेल्या लंकाबाईला तेवढ्यावरून कळलं.

मुलगी झाली. पुरी वाढलेली, डोक्यावर केस, बोटांना नखं. श्वास नाही.

आपल्याकडे अशा वेळी काय करतात? पोर आईला दाखवत नाहीत. पुरुष गुंडाळून नेतात, मातीला देतात आणि घरी येऊन अंघोळ करतात. बाईचं दूध आटवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिवस जावेत म्हणून नवस बोलतात. नाव नाही, सुतक नीट नाही, काही नाही. आमच्या आईची आमच्या आधीची दोन लेकरं कुठं पुरली, हे आमच्या आईलाही ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायची, असेल नदीकडे कुठंतरी. लंकाबाईला तेवढंच माहीत होतं. त्यात तिचा दोष मला दिसत नाही.

तिथल्या नर्सने त्या मुलीला पुसलं, दिशाच्या बॅगेतलं झबलं घातलं आणि दिशाच्या छातीशी द्यायला निघाली. लंकाबाई मध्ये उभी राहिली. कुंदनला म्हणाली, घेऊन जा, दाखवू नका, पोरीला वेड लागेल. कुंदन भिंतीला टेकून रडत होता, त्याला काही सुधरत नव्हतं. नर्स पुढे आली, लंकाबाई हटेना. शेवटी दिशाच बोलली.

"आई, बाजूला हो. ती माझी आहे."

लंकाबाई बाजूला झाली नाही. मग त्या नर्सने तिला कोपराला धरलं आणि अगदी हळू बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं. गणेशवाडीत जिच्या पाटीला पाय लावायची कोणाची टाप नाही, तिला परक्या बाईने कोपराला धरून बाहेर काढलं, तेही बोलायची सोय नसताना. दुपारी तिने मला फोन केला तो त्या नर्सला शिव्या द्यायला. लेकराबद्दल तिने शेवटी सांगितलं.

पुढचं तर तिच्या कल्पनेबाहेरचं होतं. त्या लोकांनी मुलीला घरी आणू दिलं. तिकडे तशी पद्धत आहे. पाळण्यात गादीखाली एक थंड करणारी पाटी ठेवतात, मातीला देईपर्यंत लेकरू घरात राहतं, येणारीजाणारी बघून जातात. बाळंतिणीची नर्स रोज घरी यायची, दिशाचा ताप बघायची, पाळण्यातली पाटी बदलायची आणि जाताना मुलीच्या गालाला हात लावायची. लंकाबाईने तिचं नाव 'उंचाडी' ठेवलं. शेजारची म्हातारी तर टोस्टवर लोणी आणि गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या घालून घेऊन आली, तिकडे मूल झालं की ते वाटतात. मेलेल्या घरात गोड आणतात का, म्हणत लंकाबाईने ती बशी जशीच्या तशी कचऱ्यात उपडी केली. दिशा तिच्याशी दिवसभर बोलली नाही. तिने मुलीचं नाव गार्गी ठेवलं होतं आणि तिकडच्या सरकारदरबारी ते नोंदवलंही होतं.

लंकाबाई रोज फोनवर मला म्हणायची, लते, ही माझी पोर दिवसभर त्या पाळण्यापाशी बसती, तिच्याशी बोलती. मी म्हणायची, मग तूही बस. ती म्हणायची, बसतेच हाय, दुसरं काय करू? आणि बसायची. दिशाच्या केसांना तेल लावायची, कण्हेरी करून चमच्याने भरवायची, पाठ शेकायची. पाळण्यात मात्र बघायची नाही.

पाचव्या दिवशी काय तिच्या डोक्यात आलं, देव जाणे. देव कशाला, मीच सांगते. पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते. दिवा लावतात, पाटा-वरवंटा पुजतात, विळा ठेवतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. दुपारी लंकाबाईने पदर खोचला. पाटा-वरवंटा नव्हता, मिक्सरचं भांडं मांडलं. विळ्याच्या जागी भाजीची सुरी. पाळण्यापाशी कागद आणि पेन ठेवलं, निरांजन लावलं. दिशाला वाटलं, आईने अखेर नातीला आपलं म्हटलं. ती रडायला लागली. उंचाडी दारात हात जोडून उभी राहिली.

आणि लंकाबाईने कमरेवर हात ठेवून सटवाईला शिव्या द्यायला सुरुवात केली. पूजा नव्हतीच ती, सटवाईला भांडायला बोलावलं होतं. "ये, बघ काय केलंस ते. माझ्या लेकीच्या कपाळी हेच लिहायचं होतं का? खोड ते. तुझ्या हातानं लिहिलंस, तुझ्याच हातानं खोड." असं बरंच. काही शब्द मला इथं लिहिता येणार नाहीत.

नेमका तेव्हा गोजराबाईचा व्हिडिओ कॉल आला आणि कुंदनने काही न सुचून तो घेतला. तिला दिवा दिसला, पाळणा दिसला, सटवाईच्या नावाने बोटं मोडणारी विहीण दिसली. तिने हाय खाल्ली. मेलेल्या लेकराची पाचवी मांडली, वर सटवाईला शिव्या घातल्या, आता पुढच्या लेकराच्या कपाळी ती काय लिहील? हा प्रश्न तिने त्या दिवशी विचारला आणि अजून विचारते.

दुसऱ्या दिवशी गार्गीला तिथल्या दफनभूमीत लहान मुलांच्या जागेत ठेवलं. वर नावाचा छोटा दगड बसवला. गोजराबाईने कुंदनला फोनवर बजावलं की इकडे कोणाला काही माहीत नाही, ते तसंच राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या मते त्या मुठीत एक लेकरू होतं, पण माझं मत तिथं कोणी विचारलं नव्हतं.

लंकाबाई परत आली आणि आठवड्याच्या आत सगळ्या फूलबाजाराला कळलं. तिने मुद्दाम सांगितलं असं नाही, कोणी विचारलं की लेक कशी आहे, तर ती खरं बोलायची. गोजराबाई रिक्षा करून गणेशवाडीत आली. झेंडूच्या क्रेटांमध्ये उभी राहून हसत म्हणाली, लंकाबाई, आमच्या घरच्या गोष्टी तुम्ही पाटीत घालून विकता की काय? लंकाबाईने काय उत्तर दिलं, ते बाजारात अजून सांगतात. एवढंच म्हणते की गोजराबाईला रिक्षापर्यंत पोचवायला दोन बायका लागल्या. त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं. गोजराबाईने भावकीत सांगून टाकलं की विहीणबाईंच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय, हॉलंडची थंडी बाधली. लोकांनी निम्मं मानलं, निम्मं नाही.

दोन वर्षांनी दिशाला पुन्हा दिवस गेले. कुंदनची तिकडची नोकरी संपली होती आणि पुण्यात नवी मिळाली होती. बांधाबांध झाली तरी दिशा निघायला तयार नव्हती. ती रोज त्या दगडापाशी जाऊन बसायची. कुंदन मला म्हणाला, मावशी, ती म्हणते मी हिला इथं एकटी कशी टाकू? शेवटी उंचाडीने सांगितलं म्हणे, की मी अधूनमधून फूल ठेवत जाईन. तेव्हा दिशा विमानात बसली. मी त्या बाईला कधी पाहिलं नाही, पण लंकाबाईने तिच्याबद्दल वाईट बोललेलं आता मला खपत नाही.

कुंदन पुण्यात रुजू झाला आणि दिशा बाळंतपणापर्यंत इंदिरानगरला सासूकडे राहिली. नाशकातल्या डॉक्टरांना सगळं माहीत होतं, दिशाने पहिल्याच भेटीत सांगितलं. प्रश्न डॉक्टरांचा नव्हताच. प्रश्न होता भावकीचा. गोजराबाईला सातव्यात डोहाळजेवण करायचं होतं, दणक्यात, सटाण्याहून बायका बोलावून, आणि ते पहिलटकरणीचं म्हणून. तिने कुंदनकरवी मखमलाबादला निरोप धाडला. विहीणबाईंनी चारचौघींत पहिलंच आहे म्हणावं, म्हणजे मागचं सगळं बोलणं आपोआप खोटं पडेल. पहिलं म्हटलं की रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी. त्याच संध्याकाळी लेकीला घेऊन जा. आणि दुसरं म्हणत असाल, तर दुसरं सासरी. मग आमच्या दारात येऊ नका.

काय डोकं चालवलं होतं! लंकाबाईच्या तोंडाला कुलूप घालायचं आणि किल्लीही तिच्याच हातात द्यायची.

लंकाबाई माझ्याकडे जेल रोडला आली. तिने चहा घेतला नाही. मी म्हटलं, यात विचार कसला करायचा, तुझ्याच्याने खोटं बोलवणार आहे का? ती म्हणाली, "लते, ती बाई माझ्या पोरीला खायला घालील, पण रोज एकेक शब्द ऐकवून घालील. पोर आतून पार गेलीय. मला तिला माझ्या घरात आणायचीय." मी म्हटलं, दिशाला विचारलंस? तर म्हणाली, विचारायचं काय, तीच मला बोलली.

दिशा काय बोलली होती, तर मळ्यात भेटली तेव्हा एवढंच की, आई, त्या दिवशी तू काही बोलू नकोस, भांडू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. लंकाबाईने त्याचा अर्थ लावला की लेकीला माहेरी यायचंय, त्यासाठी पहिलं म्हणायला तिची ना नाही. मला तेव्हाही तो अर्थ पटला नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. गप्प राहा म्हणणं वेगळं आणि खोटं बोल म्हणणं वेगळं. ती म्हणाली, तुला पोर नाही, तुला कळायचं नाही. मला हे ऐकायची सवय आहे.

एप्रिलमधलं डोहाळजेवण. इंदिरानगरच्या बंगल्यात हॉलमध्ये झोपाळा बांधलेला. फुलं अर्थात लंकाबाईच्या मळ्यातली, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं मोगऱ्याचं, तिने स्वतः बसून ओवलेलं. हिरव्या साडीत दिशा झोपाळ्यावर बसली होती. फोटो काढणारे सारखे हस म्हणत होते आणि ती हसत होती. लंकाबाई कोपऱ्यात सतरंजीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला तशी बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. गोजराबाई येईल त्या बाईला सांगत होती की पहिलटकरीण आहे, जपावं लागतं, आणि सांगताना लंकाबाईकडे बघून हसत होती. मी दोनदा उठले, दोन्ही वेळा लंकाबाईने माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

ओटी भरायला भावकीतली थोरली बाई, यशोदाबाई, सटाण्याहून आली होती. कपाळभर कुंकू, स्वभावाने सरळ, कानाने तीक्ष्ण. तिने ताट हातात घेतलं आणि थांबली. म्हणाली, विचारू नये पण विचारते, मागे काहीबाही कानावर आलं होतं. ओटी भरायची तर खरं माहीत असावं. आणि गोजराबाईला सोडून तिने लंकाबाईकडे पाहिलं.

"विहीणबाई, तुमच्या पोरीचं हे पहिलंच ना?"

सगळ्या बायका वळल्या. गोजराबाई हसायची थांबली. मला आतून खात्री होती की आता छप्पर उडणार. दोन वर्षं साठवलेलं सगळं आता बाहेर पडेल, आणि पडू दे, मी मनात म्हटलं. गप्प बसणंही तिला जमलं असतं. मान खाली घालून पाणी प्यायला उठली असती, तरी वेळ निभावली असती.

लंकाबाई म्हणाली, "पहिलंच हाय."

तिचा आवाज स्वच्छ होता. त्याच आवाजात ती बाजारात भाव सांगते. गोजराबाईने सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. यशोदाबाईने ओंजळीत तांदूळ घेतले. आणि झोपाळा थांबला.

दिशाने पाय जमिनीला लावले होते. ती आईकडे बघत होती. मी त्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवली आहे, पण तशी नजर मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिली नव्हती. ती यशोदाबाईंना म्हणाली, "दुसरं आहे, काकू. पहिली गार्गी. ती पूर्ण दिवसांची होती. ती तिकडे आहे."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. गोजराबाईचा चेहरा उतरला आणि मग तांबडा झाला. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला मी ऐकला. "आमना घरमा हाई पहिलंच लेकरू शे," ती म्हणाली, आणि तेच पुन्हा म्हणाली. दिशाने तिच्याकडे पाहिलंही नाही. यशोदाबाईने हातातले तांदूळ ताटात परत ठेवले, घटकाभर विचार केला आणि मग शांतपणे दिशाची ओटी भरली. भरताना एवढंच म्हणाली की दुसरं तर दुसरं, त्यात लपवायचं काय? मग दुसरं सासरीच होईल. रीत ती रीत.

गोजराबाईला आता नाही म्हणता येईना. जिने सगळं उघडं पाडलं ती सून आता चार महिने तिच्याच घरात, तिच्याच हातचं खाणार होती. मला आत कुठंतरी बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

जेवणं कशीबशी उरकली. बायका निघाल्या, आम्हीही निघालो. दिशा दारापर्यंत आली, अंगावर मोगऱ्याचे दागिने तसेच होते, फक्त मुकुट काढलेला. लंकाबाईने तिचा हात धरला. म्हणाली, चल माझ्यासंगं. झालं गेलं. आता समद्यांना कळलंय, आता कुणाची भीती? मी आत्ता आत जाऊन दुसरं म्हणते, दहादा म्हणते, पण तू चल. या घरात तुला नाय ठेवायची मला.

दिशाने हात सोडवून घेतला नाही. धरू दिला.

"आई, मी तुला गप्प बस म्हटलं होतं. सांगणार मीच होते, म्हणून म्हटलं होतं. सासूबाई नाकारणार, हे मला माहीतच होतं. तू का म्हणालीस पहिलंच?"

लंकाबाई म्हणाली, तुला घरी न्यायला. दुसरं कशाला?

"पाच दिवस तू तिथं बसली होतीस. रोज. पहिली नव्हतीच, तर कोणाशेजारी बसली होतीस?"

मला वाटलं, आता लंकाबाई भांडेल. ती भांडली नाही. तिने लेकीकडे पाहिलं, हा काय विचारायचा प्रश्न झाला का, असं पाहिलं. आणि खरं सांगते, तिला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला क्षणही लागला नाही.

"तुझ्याशेजारी," ती म्हणाली.

दिशाने आईच्या हातातून हात काढून घेतला, दुखवून नाही, आणि म्हणाली, "आणि मी तिच्याशेजारी होते, आई."

ती आत गेली. आतून गोजराबाईने दार लोटलं. लंकाबाई पायरीवर उभी होती, तिला तिची चप्पल सापडेना. मी खाली बसले, शोधली आणि तिच्या पायापुढे ठेवली. ती घालायचं तिच्या लक्षात येईना.